रक्तरंजित भयकथा घरी पाहताना: प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया कशा टिपाव्यात

भयकथांच्या मालिकेतील एखादा रक्ताने माखलेला भाग संपतो, कोणीतरी उठून दिवा लावते आणि यजमान विचारतो, "कसं वाटलं?" नांदेडला आमच्या घरी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जी छोटी बैठक जमते, तिच्यात या प्रश्नाला पहिली दोन वर्षे दोनच उत्तरे मिळत होती. तरुण मंडळी म्हणत, "लई भारी", आणि त्यांच्या आया-मावश्या म्हणत, "काय घाणेरडं दाखवायलेत." वही भरत गेली, पण कोणता प्रसंग कोणाला का झोंबला, याचा तिच्यातून पत्ता लागेना. दोष उत्तरे देणाऱ्यांचा नव्हता. प्रश्नच असा होता की त्याला तिसरे उत्तर संभवत नव्हते. रक्तपात पाहताना माणसाला भीती वाटते, किळस येते आणि कधी कधी स्वतःच्या आयुष्यातले काहीतरी आठवते. या तीन गोष्टी शरीरावर वेगवेगळ्या दिसतात, वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात, आणि त्या वेगळ्या टिपल्याशिवाय प्रतिक्रिया म्हणून काहीच हाती लागत नाही. ते कसे करावे, एवढ्यापुरतेच हे टिपण आहे. परीक्षण लिहिणाऱ्यांना, नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आणि घरी चार माणसे जमवून असले भाग पाहणाऱ्यांना ते उपयोगी पडावे.

भाग निवडणे आणि आधी एकट्याने पाहणे

या कामासाठी सलग कथानकाची मालिका घेऊ नये. स्वतंत्र कथांची मालिका घ्यावी, म्हणजे प्रत्येक भागाची गोष्ट, पात्रे आणि बहुधा दिग्दर्शकही वेगळा असतो, त्यामुळे मागचे काहीही न पाहिलेला माणूस त्या रात्री इतरांच्या बरोबरीने बसू शकतो. अमेरिकेत एचबीओवर १९८९ ते १९९६ या काळात चाललेली 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' ही याच जातीची मालिका होती आणि तिचे ९३ भाग झाले. अलीकडचे सोयीचे उदाहरण म्हणजे गिलेर्मो देल तोरो यांनी सादर केलेली 'कॅबिनेट ऑफ क्युरिऑसिटीज' ही नेटफ्लिक्सवरील मालिका. ऑक्टोबर २०२२मध्ये आलेल्या या मालिकेत आठ भाग आहेत आणि आठही भागांचे दिग्दर्शक निरनिराळे आहेत. पुढे मी तिच्यातील डेव्हिड प्रायर यांनी दिग्दर्शित केलेल्या 'द ऑटोप्सी' या भागाचा दाखला वारंवार देणार आहे, कारण आमच्या वहीतील सर्वांत जास्त पाने त्या एका रात्रीने भरली. खाणीतील स्फोटात मेलेल्या कामगारांची शवे तपासण्यासाठी एका वयस्कर, स्वतः असाध्य आजाराने ग्रासलेल्या डॉक्टरला बोलावले जाते आणि तो रात्री एकटाच पोस्टमार्टेम करू लागतो, एवढे सांगणे पुरेसे आहे. शेवट मी सांगणार नाही.

आपल्याकडे एक गैरसमज हटकून आडवा येतो. "आम्ही 'आहट' बघून मोठे झालो, आम्हाला काय होतंय" असे चाळिशीतील माणसे छातीठोकपणे सांगतात. १९९३मध्ये झी टीव्हीवर रामसे बंधूंची 'झी हॉरर शो' ही मालिका आली आणि १९९५मध्ये सोनीवर 'आहट' सुरू झाली, तेव्हा गल्लीत केबल असलेल्या एकाच घरात पंधरा-वीस जण दाटीवाटीने बसत, हे खरेच आहे. मात्र त्या कार्यक्रमांचा भर दार करकरणे, मुखवटे आणि धूर यांवर होता. उघडे शरीर आणि त्याच्या आतले अवयव त्यांत क्वचितच दिसत. भीतीची सवय असली म्हणजे किळसेची सवय असते असे मुळीच नाही, आणि आमच्या बैठकीत सर्वांत आधी उठून मोरीकडे गेलेले गृहस्थ हे 'आहट'चे जुने भक्तच होते.

म्हणून यजमानाने तो भाग आधी एकट्याने, हातात घड्याळ आणि कागद घेऊन पाहावा. प्रत्येक रक्ताळ प्रसंग कोणत्या मिनिटाला सुरू होतो, किती वेळ टिकतो, त्यात रक्त दिसते की केवळ आवाज येतो, मारला जाणारा जिवंत आहे की आधीच मेलेला, आणि प्रसंगाच्या आधी काही इशारा मिळतो की तो अचानक येतो, हे ओळीने लिहावे. या कागदाला आम्ही वेळपत्रक म्हणतो. ते हाताशी नसेल तर नंतर "ते मधलं, चाकूचं" अशा वर्णनांवरून कोणता प्रसंग हे ठरवण्यातच अर्धी रात्र जाते. याच वेळी भागाचे वयोवर्गीकरणही पाहून घ्यावे. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटीवरील मजकुराला यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ किंवा ए यांपैकी एक वर्ग द्यावा लागतो आणि हिंसा, भीती, अश्लील भाषा यांची सूचना सुरुवातीला दाखवावी लागते. ए वर्गाचा भाग असेल तर घरातील मुलांना त्या रात्री मामाकडे पाठवावे. "त्यांना काही कळत नाही" हा युक्तिवाद ऐकून घेऊ नये. बैठक घरीच घेण्याला एक कारण आहे: ओटीटीचे सदस्यत्व घरगुती वापरासाठी असते, तेव्हा मंगल कार्यालय भाड्याने घेऊन, तिकीट लावून हा प्रयोग करता येत नाही.

कोणाला बोलवावे आणि कोणाला आधी काय विचारावे

सहा ते आठ माणसे पुरेशी होतात. त्याहून जास्त असली तर टिपणाऱ्याची नजर सर्वांवर राहत नाही, आणि चारांहून कमी असली तर प्रत्येकाला आपल्याकडे कोणीतरी पाहत आहे ही जाणीव सतत टोचत राहते. सर्व एकाच वयाचे आणि एकाच व्यवसायाचे नसावेत. आमच्याकडे एक परिचारिका ताई, एक ट्रॅक्टर दुरुस्त करणारे मामा, दोन महाविद्यालयीन मुले, शेजारच्या अक्का आणि एक निवृत्त मुख्याध्यापक असा गोतावळा आहे, आणि प्रत्येकाचे पाहणे निराळे आहे. परिचारिका ताई रक्ताची चिळकांडी पाहून शांतपणे म्हणतात, "मेलेल्या माणसाचं रक्त असं उडत नाही, हृदय बंद पडलेलं असतं." हा आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे, पण तो आक्षेप म्हणून वहीत लिहू नये, ज्ञानाची ढाल पुढे करून किळस थोपवणे, हीसुद्धा एक प्रतिक्रियाच आहे, आणि कोणत्या प्रसंगी ही ढाल पुढे आली ते मिनिटासह टिपावे.

बोलावण्यापूर्वी प्रत्येकाशी एकेकट्याने बोलावे, आणि या टप्प्यावर मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण मराठवाड्यात तो टाळून चालत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-धाराशिव पट्ट्यात सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. त्या पहाटे ज्यांनी ढिगारे उपसले, त्यांतील कित्येक जण आज आपल्या आसपास दुकाने चालवतात, शाळेत शिकवतात, आणि त्याविषयी बोलत नाहीत. ढिगाऱ्याखालून हात बाहेर आलेला दिसतो, ओळीने मांडलेल्या शवांवरची चादर बाजूला केली जाते, असे प्रसंग भयकथेत सर्रास येतात. पटकथाकाराच्या दृष्टीने ती सजावट असते, पण औसा किंवा उमरगा तालुक्यातून आलेल्या साठीच्या माणसाला ती सजावट वाटेलच असे नाही. खाणीतील स्फोटाने सुरू होणारी गोष्ट दाखवताना ही खबरदारी आम्ही घेतली नव्हती. आमचे मुख्याध्यापक पहिल्या पंधरा मिनिटांतच काही न बोलता गॅलरीत जाऊन उभे राहिले, आणि ते भित्रे आहेत असे समजून मुले हसली. तो हशा माझ्या वहीत आहे, आणि तो माझ्या चुकीची नोंद म्हणूनच मी ठेवला आहे.

तीच गोष्ट गळफासाची आणि विषाच्या बाटलीची. दुष्काळ आणि कर्ज यांमुळे घरातला माणूस गेलेली कुटुंबे या भागात गावोगाव आहेत, त्यामुळे अशा मृत्यूचा प्रसंग भागात असेल तर तो आधी सांगावा, आणि सांगताना कारण विचारू नये. "यात फाशीचा प्रसंग आहे, यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, नाही आलात तरी पुढच्या महिन्यात भेटूच" एवढे वाक्य पुरते. गोष्ट आधी कळली तर प्रतिक्रिया खोटी होईल, अशी शंका विद्यार्थी घेतात. कोण मारतो, का मारतो, शेवटी काय होते हे सांगायचे नसतेच. कोणत्या प्रकारचा घाव दिसणार आहे एवढेच सांगायचे असते, आणि आमच्या अनुभवात त्याने किळस कमी होत नाही. उलट वाट पाहण्याने ती वाढते.

तिसरा प्रश्न शरीराचा. रक्त पाहून घेरी येते का, सुई टोचताना कधी भोवळ आली होती का, आणि मिरगीचा त्रास आहे का, हे स्पष्ट विचारावे. झगमगणाऱ्या प्रकाशाने मिरगी असलेल्या काही जणांना झटका येऊ शकतो, आणि भयकथेत लुकलुकणारी ट्यूबलाइट नाही असा भाग शोधूनच काढावा लागेल.

खोली, टीव्ही आणि रिमोट

एप्रिल-मे महिन्यांत ही बैठक घेऊ नये. उकाडा, उपास आणि कमी पाणी या तिन्ही गोष्टी भोवळ आणायला मदत करतात, म्हणून एकादशीची किंवा श्रावणी सोमवारची रात्रही टाळावी. जेवण दीड-दोन तास आधी आणि हलके असावे. मटणाचा रस्सा ठेवण्याचा हट्ट एका सदस्याने केला होता आणि त्या रात्री पातेले जवळजवळ तसेच परत गेले.

नव्या टीव्हीवर दुकानातील झगमगाटासाठी रंग भडक करणारी जी मांडणी असते, ती बंद करून चित्रपटासाठीची मांडणी लावावी, कारण भडक मांडणीत रक्त कुंकवासारखे दिसते आणि लोक घाबरण्याऐवजी हसतात. हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद करावी. ती चालू असली की महागडा भाग दुपारच्या मालिकेसारखा दिसू लागतो. आवाजाकडे चित्रापेक्षाही जास्त लक्ष द्यावे. हाड मोडल्याचा आवाज बहुधा सेलरीचे देठ मोडून आणि मांस फाटल्याचा आवाज कलिंगडासारखी फळे फोडून काढलेला असतो, तरी डोळे मिटलेल्या माणसापर्यंत पोहोचतो तो तोच. डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. म्हणून कोण डोळे झाकते आणि कोण कान झाकते, हा फरक वहीत असायलाच हवा.

इंग्रजी भाग खालच्या ओळींसह दाखवायचा की हिंदी आवाजात, हा निर्णय वाटतो तितका किरकोळ नाही. खाली ओळी असल्या की नजरेला लपायला जागा मिळते. प्रसंग वाढू लागला की माणूस नुसते वाचत बसतो आणि नंतर "काही विशेष नव्हतं" असे प्रामाणिकपणे सांगतो, कारण त्याने पाहिलेलेच नसते. आमच्याकडे आता ऐकण्याची भाषा सर्वांना कळेल असाच भाग निवडला जातो.

रिमोट कोणाच्याही हातात देऊ नये, मध्ये स्टुलावर ठेवावा. ज्याच्या हातात तो असतो त्याला कमी भीती वाटते, हे आम्ही इतक्या वेळा पाहिले आहे की आता त्याची नोंदही करत नाही. वेरूळच्या पंधराव्या लेण्यात शिव अंधकासुराला शूलावर उचलतो आणि खाली हाडांचा सापळा झालेली काली त्याचे रक्त झेलायला बसलेली आहे. आपल्यापैकी बहुतेक जण शाळेच्या सहलीत त्या शिल्पासमोर उभे राहून पेरू खात होते. दगडापुढे किती वेळ थांबायचे हे पाहणारा ठरवतो, टीव्हीपुढे ते दिग्दर्शक ठरवतो. वीज गेली तर मात्र दोघांच्याही हातात काही राहत नाही. नेमक्या चाकूच्या क्षणी वीज जाण्याचा प्रकार आमच्याकडे दोनदा घडला असून, त्या अंधारातील किंकाळ्या भागातील कोणत्याही प्रसंगाहून मोठ्या होत्या. अशा नोंदी वेगळ्या पानावर कराव्यात, भागाच्या खात्यावर त्या जमा करू नयेत.

काय टिपावे

टिपणारा टीव्हीकडे पाहत नाही. तो बाजूला, प्रेक्षकांचे चेहरे दिसतील असा बसतो, आणि आवाजावरून व वेळपत्रकावरून कोणता प्रसंग चालला आहे हे ओळखतो. मोबाइलवर चित्रीकरण करण्याचा मोह आवरावा. कॅमेरा दिसला की माणसे घाबरल्याचे नाटक तरी करतात किंवा न घाबरल्याचे.

काय पाहायचे, याची उत्तम यादी आपल्याकडे दोन हजार वर्षांपासून तयार आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे दोन वेगळे रस मानले आहेत. पहिल्याचा स्थायिभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, भय आणि दुसऱ्याचा जुगुप्सा, म्हणजे किळस. भयानकाची लक्षणे म्हणजे हातापायांचा कंप, डोळ्यांची चंचलता, अंगावर काटा, चेहऱ्याचा रंग उडणे, आवाज बदलणे. बीभत्साची लक्षणे म्हणजे अंग आक्रसणे, तोंड वाकडे करणे, थुंकणे, उद्वेग. थोडक्यात, भ्यालेला माणूस डोळे मोठे करून पाहत राहतो, आणि किळस आलेला माणूस नाक-तोंड मिटून मागे सरकतो. मराठीलाही हा भेद माहीत आहे: भीतीने काटा येतो, किळसेने शिसारी येते.

भरत पुढे जाऊन बीभत्साचेही प्रकार पाडतो, आणि टिपणाऱ्याला त्यांचा फार उपयोग होतो. रक्तासारख्या गोष्टींनी उत्पन्न होणारा तो क्षोभज, आणि विष्ठा, कृमी यांनी उत्पन्न होणारा तो उद्वेगी. आमच्या वहीत हा फरक लख्ख दिसतो. ट्रॅक्टरवाले मामा कंदुरीला, म्हणजे नवसाच्या जेवणाला, बोकड सोलायला पुढे असतात. रक्त पाहून त्यांची पापणी लवत नाही, पण शरीराच्या आतून काहीतरी वळवळत बाहेर येऊ लागले की ते उशी तोंडावर धरतात. महाविद्यालयीन मुलीचे नेमके उलटे आहे. दोघांनीही नंतर "घाण वाटलं" हेच शब्द वापरले, आणि केवळ शब्द लिहिले असते तर दोघांची प्रतिक्रिया एकच ठरली असती.

नोंदीसाठी वहीचे चार रकाने करावेत. पहिल्यात मिनिट, दुसऱ्यात भीतीच्या खुणा, तिसऱ्यात किळसेच्या खुणा, आणि चौथ्याला मथळा देऊ नये. जे दोन्हींत बसत नाही ते त्या बिनमथळ्याच्या रकान्यात जाते: गॅलरीत निघून जाणे, एकाएकी देवाचे नाव घेणे, शेजाऱ्याचा हात धरणे, घरी फोन करून मूल झोपले का विचारणे. हसण्याबद्दल विशेष सावध राहावे. प्रसंगाच्या आधीचे हसू, प्रसंगातले हसू आणि प्रसंग संपल्यावर सुटणारे हसू ही तीन निराळी हसणी आहेत. पहिले बहुधा धीर गोळा करण्याचे, तिसरे सुटकेचे, आणि मधले खरोखर विनोदाचे किंवा कृत्रिमपणा उघडा पडल्याचे असू शकते. मधल्या हशाच्या वेळी किती जण हसले आणि किती जणांनी हसणाऱ्याकडे पाहून मग हसायला सुरुवात केली, हे जमल्यास लिहावे.

कोणी भोवळ येऊन पडले तर

रक्त पाहून घेरी येणे हा भित्रेपणा नाही. शंभरातील सुमारे तीन-चार जणांना रक्त, जखम किंवा सुई यांची तीव्र भीती असते, आणि इतर भीतींत नाडी व रक्तदाब वाढलेलाच राहतो तसे त्यांच्यात न होता, तो आधी किंचित वाढून मग एकदम खाली येतो. मेंदूकडे रक्त कमी गेले की माणूस कोसळतो. त्याआधी जांभया येतात, कपाळावर गार घाम फुटतो, ओठ पांढरे पडतात, कानांत गुणगुण होते. टिपणाऱ्याला या खुणा इतरांपेक्षा आधी दिसतात, आणि त्या दिसताच वही खाली ठेवून भाग थांबवणे हे त्याचे काम आहे.

ज्याला आधीपासून हा त्रास आहे त्याला एक युक्ती शिकवून ठेवावी. ती स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात विकसित केली: हात, पाय आणि पोट यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, मग अर्धा मिनिट सैल सोडायचे, आणि असे चार-पाच वेळा करायचे. त्याने रक्तदाब तात्पुरता वर राहतो. कोणी पडलेच तर त्याला उठवून बसवू नये. आडवे ठेवून पाय उशीवर उंच करावेत, कपडे सैल करावेत, वारा येऊ द्यावा. नाकाशी कांदा किंवा चप्पल धरणे, तोंडावर पाण्याचा तांब्या रिकामा करणे, शुद्ध येण्याआधी पाणी पाजणे, हे आपल्याकडचे तिन्ही उत्साही उपाय टाळावेत. एखाद-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, डोक्याला मार लागला असेल किंवा छातीत दुखत असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

भाग संपल्यावर

दिवा लावावा, आणि पाच मिनिटे कोणी काही विचारू नये. चहा ठेवावा. या पाच मिनिटांत माणसे आपणहून जे बोलतात ते शब्दशः लिहावे, बोलीतले असेल तसे. त्यानंतर चर्चेआधी प्रत्येकाला चिठ्ठी द्यावी आणि तिच्यावर तीनच प्रश्न असावेत: मान कधी वळवली, वळवल्यावर पुन्हा कधी पाहिले आणि का, आणि कोणता प्रसंग नसता तरी गोष्ट कळली असती. तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, कारण त्यातून रक्त गोष्टीसाठी होते की गोष्ट रक्तासाठी होती, याबद्दल प्रेक्षकाचे मत मिळते. 'द ऑटोप्सी'नंतर आठांपैकी सहा जणांनी लिहिले की शवाची चिरफाड काढता आली नसती. तो डॉक्टर सावकाश, नियमाने काम करतो म्हणूनच नंतरचा गोंधळ अंगावर येतो. एवढे रक्त पाहून एवढे समंजस उत्तर मिळेल असे मला वाटले नव्हते.

चर्चेत सर्वांत अबोल माणसाला आधी बोलू द्यावे. मोठ्या आवाजाचा माणूस आधी बोलला की उरलेले सगळे त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलतात, स्वतःचे बोलत नाहीत. "असलं दाखवूच नये" असे कोणी म्हणाले तर ते प्रतिक्रियेच्या रकान्यात लिहू नये. ती मागणी आहे आणि तिची जागा वेगळी आहे. ज्याला खरोखर तक्रार करायची असेल त्याला मार्ग सांगावा: २०२१च्या नियमांनुसार ओटीटी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने चोवीस तासांत पोच आणि पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा असतो, आणि समाधान झाले नाही तर वरच्या दोन पायऱ्या आहेत. मात्र पाहिलेल्याची मागणी आणि ऐकलेल्याची मागणी यांत फरक ठेवावा. 'मास्टर्स ऑफ हॉरर' या मालिकेसाठी जपानी दिग्दर्शक ताकाशी मीके यांनी केलेला 'इम्प्रिंट' हा भाग जानेवारी २००६मध्ये दाखवला जायचा होता, पण अमेरिकेतील शोटाइम वाहिनीने तो प्रसारितच केला नाही. पुढे तो डीव्हीडीवर आला. त्याची भयानकता लोकांना आधी माहीत झाली आणि भाग नंतर दिसला. अशा भागाबद्दल प्रेक्षकांचे म्हणणे गोळा करताना समोरच्याने तो पाहिला आहे का, हा प्रश्न पहिला असावा.

दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाची वेळ उलटल्यावर, प्रत्येकाला फोन करावा. विचारायच्या गोष्टी दोनच: रात्री झोपताना दिवा चालू ठेवला होता का, आणि आज जेवण गेले का. भीती दिव्यात सापडते आणि किळस ताटात. रात्री "काहीच वाटलं नाही" म्हणणारी मुले सकाळी अंडी नको म्हणतात, आणि किंचाळून घर डोक्यावर घेतलेली माणसे गाढ झोपलेली असतात. ही दोन उत्तरे रात्रीच्या नोंदींशेजारी वेगळ्या शाईने लिहावीत आणि विसंगती दिसली तर ती तशीच ठेवावी, जुळवून घेऊ नये. लेख लिहिताना नावे घालू नयेत, नातेही बदलावे. गाव लहान असते आणि कोण गॅलरीत गेले हे लगेच ओळखू येते.

आठवड्याने आणखी एक फोन करता आला तर करावा. त्या भागानंतर अक्कांनी रात्री सर्वांत जास्त आरडाओरड केली होती, दुसऱ्या दिवशी त्या व्यवस्थित जेवल्या होत्या, आणि आठव्या दिवशी मी फोन केला तेव्हा शव उठून बसल्याचा त्यांना विसर पडलेला होता. त्यांनी एवढेच विचारले, "त्या म्हाताऱ्या डाक्टरला घरी कुणी होतं का रे? इतक्या रात्री एकटाच काम करायलाता." मी भाग पुन्हा लावून पाहिला, आणि त्यांचा प्रश्न चौथ्या रकान्यात लिहिला.